पन्नास पौंडांची खरेदी

घरात कॅमेरा घ्यायचे ठरले की मराठी कुटुंबात, त्यातही पुण्यातल्या, निदान महिनाभर चर्चा पुरते. रोलचा जमाना होता तेव्हा ओळखीच्या फोटोग्राफरला विचारले जाई, परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्याला पत्र जाई आणि कॅमेरा आलाच तर तो कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवला जाई. पुढे डिजिटल कॅमेरे आले. मग मेगापिक्सेल किती, झूम किती, बॅटरी किती वेळ चालते याची उजळणी शाळेतली मुलेसुद्धा करू लागली. आता फोनच्याच पाठीवर दोन-तीन भिंगे बसली आहेत, तरी वेगळा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न काही सुटलेला नाही. दुकानदार हसतमुखाने कॅमेरा पुढे ठेवतो, किंमत सांगतो, आणि आपण होकार देणार तेवढ्यात कळते की कार्ड निराळे, जादा बॅटरी निराळी, पिशवी निराळी आणि तिपाई हवी असेल तर तीही निराळी. घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच असतो. एवढे पैसे घालून त्याचे करायचे काय?

१९१२ साली मुंबईत राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घरात हाच प्रश्न फार गंभीरपणे उभा राहिला होता. वय एकेचाळीस, हातात नोकरी नाही, चालता धंदा नुकताच सोडलेला, पदरात लहान मुले. अशा स्थितीत त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बोटीचे तिकीट काढले आणि कॅमेरा घ्यायला थेट लंडन गाठले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे नाव. दादासाहेब फाळके म्हणून आपण त्यांना ओळखतो. भारत सरकारचा चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो, आणि शाळेच्या पुस्तकातही त्यांचे चित्र असते. पण कॅमेऱ्याचे गिऱ्हाईक म्हणून त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ते पाहायला हवे. कारण आपल्याकडचा चित्रपट घरचा होणार की परक्यांच्या दारात उभा राहणार, याचा निम्मा निकाल त्या खरेदीत लागला, असे मला वाटते.

चलच्चित्रांचा कॅमेरा घेणारे फाळके हे पहिले भारतीय नव्हेत. तो मान हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा. मुंबईत त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता आणि लोक त्यांना सावेदादा म्हणत. ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहून सावेदादा इतके भारावले की थोड्याच काळात त्यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या कंपनीकडून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. त्या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती टिपली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. हेच परांजपे नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे पुणेकरांना सांगायला नकोच. सावेदादांची अडचण एकच होती. कुस्ती मुंबईत झाली, ती टिपलीही मुंबईत, पण फिल्म धुण्यासाठी बोटीने लंडनला पाठवावी लागली. चित्र नीट आले की नाही, हे कळायला कित्येक आठवडे जायचे. बिघडले असेल तर काय, पुन्हा त्याच मल्लांना बोलावून कुस्ती लावायची?

दुसरे उदाहरण रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचे. त्यांनी ‘श्री पुंडलिक’ हे नाटक कॅमेऱ्यात पकडले आणि ते १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दाखवले. म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटाच्या जवळजवळ वर्षभर आधी. तोरण्यांचा कॅमेरा मात्र बोर्न अँड शेफर्ड कंपनीचा, तो चालवणारा जॉन्सन नावाचा साहेब, आणि फिल्मवरची प्रक्रिया पुन्हा लंडनमध्येच. तोरणे पुढे पुण्यात स्थायिक झाले, इथे त्यांनी सरस्वती सिनेटोन काढली आणि १९६० मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. पहिला भारतीय चित्रपट कोणाचा, हा वाद आजही अधूनमधून रंगतो. त्यात आपण पडायला नको. एवढेच पाहू की सावेदादांनी यंत्र विकत घेतले, तोरण्यांनी ते माणसासकट मिळवले, पण पुढचे सगळे काम दोघांचेही विलायतेवर अवलंबून राहिले.

फाळक्यांच्या हातून तसे झाले नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या आधीच्या वीस-बावीस वर्षांत आहे. ती वर्षे वरवर पाहिली तर या गृहस्थांचे कुठेच बस्तान बसत नव्हते, असेच कोणीही म्हणेल.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, ते पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले म्हणून बिऱ्हाड मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. तिथून ते बडोद्याला थोरल्या भावाकडे गेले आणि कलाभवनात शिकू लागले. कलाभवन ही संस्था मोठी अजब होती. चित्रकला, छायाचित्रण, ठसे बनवणे, वास्तुकला, सगळे एका छपराखाली. प्राचार्य गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याला फोटो स्टुडिओ वापरायची मुभा दिली. फाळक्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो याच काळात. तो स्थिर छायाचित्रांचा कॅमेरा होता. काच धुणे, रसायने कालवणे, अंधारखोलीत बोटांच्या अंदाजाने काम करणे, हे सारे त्यांनी तेव्हा अंगवळणी पाडून घेतले. तीनरंगी ठसे करण्याची विद्या शिकायला ते रतलामलाही जाऊन राहिले.

नंतर गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकार म्हणून दुकान मांडले. १९०० मध्ये प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेले. ते बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा लावून बसले, तर गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत तिथे पसरली होती. (याच सुमारास, १९०१ मध्ये, इंग्लंडमध्ये एक गमतीचा चित्रपट निघाला होता. त्यात फोटो काढल्याने चिडलेला माणूस पुढे पुढे येत कॅमेऱ्यालाच गिळून टाकतो. तो चित्रपट काढणाऱ्या जेम्स विल्यम्सन यांची गाठ फाळक्यांशी वेगळ्या रीतीने पडायची होती.) धंदा बसला तेव्हा फाळक्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून घेतली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने तिचे खेळही केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ साली सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो मग दादरला नेला. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने तो भरभराटीला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. आता तरी गाडी रुळावर आली म्हणावे, तर भागीदारांशी बिनसले आणि नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडल्यासारखे ते त्या धंद्यातून बाहेर पडले.

या सगळ्या खटाटोपाची बेरीज केली तर काय हाती लागते? भिंग कळते, रसायन कळते, ठसा आणि छाप कळते, रंगमंच कळतो, हातचलाखीही कळते. आणि परदेशी जाऊन यंत्र पारखून आणण्याचा अनुभवही एकदा गाठीला आहे. दुकानात शिरण्यापूर्वी एवढी तयारी झालेले गिऱ्हाईक क्वचितच भेटते.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना त्या जागी राम-कृष्ण दिसत होते, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचे वर्ष मात्र कमी लोकांना ठाऊक असते. दुसऱ्या कोणी असते तर दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची चौकशी केली असती. फाळक्यांनी वर्षभर अभ्यास केला. विलायतेहून पुस्तके, सूचिपत्रे, यंत्रांचे माहितीपट्ट मागवले. एक लहानसे यंत्र घेऊन ते रात्री घराच्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात चित्रे पाडत. जो चित्रपट मुंबईत लागेल तो बघत, पुन्हा बघत. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळे सुजले आणि दिसेनासे झाले. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार करून आणि एकाहून अधिक चष्मे लावायला देऊन त्यांची दृष्टी परत आणली. कॅमेरा घेण्यापूर्वीच डोळे जायची वेळ आली, असा हा ग्राहक.

घरात त्यांच्या बाजूने उभे राहणारे माणूस एकच, दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. १९०२ मध्ये त्या फाळक्यांच्या घरात आल्या. माहेरच्या त्या करंदीकर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातल्या. त्यामुळे नाटक-सोंग म्हणजे काहीतरी वावगे, असे त्यांच्या मनात नव्हते. नातेवाईक आणि स्नेही मात्र फाळक्यांना वेड लागले असे उघड बोलत. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी हे स्नेही मदतीला आले आणि बारा हजारांच्या विम्यावर दहा हजारांचे कर्ज उभे राहिले. कुटुंबाच्या आधारासाठी उतरवलेला विमा कुटुंबप्रमुखाच्या छंदासाठी गहाण पडला, एवढेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसले असणार. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके निघाले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे अंक ते मुंबईत वाचत, त्याच्या कचेरीची पाटी पिकॅडिलीजवळ दिसली आणि ते सरळ आत गेले. संपादक कॅबर्न यांनी त्यांची गोष्ट ऐकली आणि आधी त्यांना परावृत्तच करायचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच चित्रपट काढणारे बुडत आहेत आणि हिंदुस्थानच्या हवेत हे काम जमेलसे वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. फाळके हटेनात, तेव्हा त्यांनी टेम्सकाठच्या वॉल्टन या गावी सेसिल हेपवर्थ यांच्याकडे त्यांची ओळख करून दिली.

इथे फाळक्यांचे नशीब जोरावर होते. हेपवर्थ हे इंग्लंडमधल्या आद्य चित्रपटकारांपैकी एक. हरवलेले मूल शोधून आणणाऱ्या कुत्र्याचा त्यांचा १९०५ चा चित्रपट गाजलेला होता आणि चलच्चित्रांच्या तंत्रावर १८९७ सालीच त्यांनी पुस्तक लिहिले होते. त्यांनी या अनोळखी हिंदी माणसाला स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले. चित्रण कसे होते, फिल्म कशी धुतली जाते, तिच्यावरून प्रत कशी काढली जाते, सारे प्रत्यक्ष. फाळक्यांना छपाईची आणि अंधारखोलीची भाषा आधीच येत होती, म्हणून थोड्या दिवसांत त्यांना जे कळले ते नवख्याला वर्षात कळले नसते.

मग खरेदी. बाजारात तेव्हा निवडीला वाव होता. फ्रान्सच्या पाथे कंपनीचे कॅमेरे जगभर चालत. अमेरिकेत बेल अँड हॉवेल कंपनीचा धातूचा कॅमेरा नुकताच येत होता, पण त्याची किंमत ऐकूनच आपल्यासारख्याने दुकानाबाहेर यावे. कॅबर्न आणि हेपवर्थ यांच्या सल्ल्याने फाळक्यांनी विल्यम्सन कॅमेरा निवडला. हे विल्यम्सन म्हणजे तेच, कॅमेरा गिळणाऱ्या माणसाचा चित्रपट काढणारे. मूळचे औषधविक्रेते, समुद्रकाठच्या होव्ह गावचे. एव्हाना त्यांनी चित्रपट काढणे सोडून चित्रपटाची यंत्रे बनवण्याचा धंदा धरला होता. त्यांचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला हाताने फिरवायचा दांडा. वीज नको, मोटर नको. अशा कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला साधारण आठ चित्रे उमटत, म्हणून सेकंदाला दोन फेरे एका लयीत देत राहायचे. हात अडखळला तर पडद्यावरचा राजाही अडखळणार! जिथे वीज पोचलेली नाही आणि दुरुस्तीला कारागीर नाही, अशा देशात न्यायला हे साधे यंत्रच बरे होते.

किंमत ५० पौंड. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये. आजच्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळचा पौंड सोन्याला बांधलेला होता. पन्नास पौंडांच्या नाण्यांत जेवढे शुद्ध सोने असे, ते एकतीस तोळ्यांहून थोडे अधिकच भरते. दुसरा हिशेब असा, की पुढे राणी तारामतीची भूमिका करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी महिना पंधरा रुपये पगार दिला. म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीत ही तारामती चार वर्षे आणि वर दोन महिने पोसता आली असती.

खरी हुशारी मात्र कॅमेऱ्याच्या निवडीत नाही, त्याच्या जोडीला जे घेतले त्यात आहे. कोडॅकची कच्ची फिल्म घेतली, आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र घेतले. फिल्म धुण्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंतचे सगळे काम घरी करता यावे, असा बेत होता. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा बिनभोकांची मिळे. कॅमेऱ्याचे दाते त्या भोकांत अडकतात तेव्हाच फिल्म पुढे सरकते. भोकांतले अंतर केसभर चुकले तरी पडद्यावर चित्र नाचू लागते. आपण कार्ड आणि बॅटरी विसरून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. फाळक्यांचे दुकान सात समुद्रांपलीकडे होते. विसरायची सोयच नव्हती.

१ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परत आले. यंत्रे मागाहून बोटीने आली, ती मे महिन्यात हाती पडली. सोबतच्या नकाशाबरहुकूम चार दिवसांत त्यांनी सगळी जुळणी केली. आळीतल्या मुलामुलींना उभे करून चाचणी घेतली, फिल्म घरीच धुतली, घरीच पाहिली. सावेदादांना बोटीची वाट पाहावी लागत होती, ते उत्तर दादरच्या त्या घरात एका रात्रीत मिळाले.

इथून पुढे या कॅमेऱ्याची गोष्ट सरस्वतीबाईंची होते. फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांनी शिकून घेतले. ते अंधारातच करावे लागे, म्हणून दिवसभराची घरकामे आवरल्यावर रात्री. जरा हिशेब करून पाहा. एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्रापाशी एका कडेला चार भोके. म्हणजे दोन्ही कडांची मिळून फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ भरला ३७०० फूट. नुसत्या पडद्यावर दिसलेल्या लांबीचीच भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात. वाया गेलेली फिल्म आणि निघालेल्या प्रती त्यात धरलेल्याच नाहीत. त्या रसायने कालवत, फिल्म धुवत, जोडत. चित्रण उन्हात चाले तेव्हा पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांचे नाव कौतुकाने घेतले आहे, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते कुठे असते तर अधिक शोभले असते.

पैसे अर्थातच संपले होते. भांडवल घालणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक काळाने थोडी थोडी फिल्म घेत महिनाभर तो हलू दिला नाही. पडद्यावर मिनिटभरात बी फुटले, कोंब आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. वेड्या माणसाच्या हातात काहीतरी आहे, हे पाहणाऱ्यांना त्या मिनिटात कळले. नाडकर्णी पुन्हा पुढे आले, इतरही आले. तरी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आलेच.

‘राजा हरिश्चंद्र’ची हकीकत अनेकदा सांगून झाली आहे. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने ती नव्या पिढीच्या घराघरात पोचवली, तेव्हा इथे थोडक्यात. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. राजा झाले दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याचा दांडा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता. त्यांना फाळक्यांनीच तयार केले होते. सहा महिने आणि २७ दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक लोकांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला.

पुढे कंपनी नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ निघाले. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले, तिथे त्यांचे कौतुक झाले, इंग्लंडमध्येच राहून चित्रपट करण्याचे निमंत्रणही मिळाले. ते त्यांनी स्वीकारले नाही. आणखी यंत्रे घेण्याचा त्यांचा बेत होता, पण महायुद्ध भडकले आणि भांडवलदारांनी हात आखडला. ते कर्ज घेऊनच घरी आले. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ लागला तेव्हा मात्र दिवस पालटले. राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके यांनीच केली होती. पुण्यात तर तिकिटासाठी लोटलेल्या गर्दीने थिएटरचे दार मोडायचेच बाकी ठेवले. जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून नेली, असे सांगतात. लोकमान्य टिळकांसारख्यांना फाळक्यांच्या उद्योगात रस वाटला. मोठी कंपनी काढण्याची बोलणीही झाली, ती काही जमली नाहीत. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली ती इतर भागीदारांबरोबर.

आणि इथे जुनीच गोष्ट पुन्हा घडली. यंत्र निवडताना डोळ्यांत तेल घालणारे फाळके भागीदार निवडताना तेवढे पारखी नव्हते, आणि खर्चाला हात आखडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. छापखान्यात जे झाले तेच कंपनीत झाले. ते रागावून काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची जाहीर गळ घातली. ते परत आले, पण पहिली बहार गेली होती. मग बोलपट आला. मूक म्हणून काढलेल्या ‘सेतुबंधना’ला मागाहून आवाज द्यावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनचा चित्रपट त्यांचा शेवटचा. बोलपटाच्या स्टुडिओत साहेबी यंत्रे होती, ध्वनीची खोली होती, पगारी तंत्रज्ञ होते. घरच्या माणसांनी अंधारात भोके पाडण्याचे दिवस सरले होते.

लंडनहून सगळे आणले, तरी एक गोष्ट त्यांना कधी घरी बनवता आली नाही. ती म्हणजे कच्ची फिल्म. आपल्या देशात ती बनवण्यासाठी हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उटीला उभा राहायला १९६० साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म दुर्मिळ झाली आणि चित्रपट काढायला सरकारी परवाना लागू लागला. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांच्या मनात तेव्हाही आणखी एक चित्रपट होता. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. ते पत्र हाती पडल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी देह ठेवला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. तारीख १६ फेब्रुवारी १९४४, गाव नाशिक.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथले संग्राहक पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे शोधून जमा केले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे राहिले आहे, आणि तेही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालिया मर्दन’ बऱ्यापैकी शाबूत आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आणखी एक लहान तुकडा आहे, चित्रपट कसे तयार होतात ते दाखवणारा, १९१७ च्या सुमाराचा. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. ते नटांना काही समजावून सांगत आहेत, मग फिल्मची पट्टी दोन्ही हातांनी उजेडासमोर धरून एकेक चित्र डोळे बारीक करून तपासत आहेत.